बुलडॉगसाठी ‘नॅचरल’ ड्राय फूड निवडताना पिशवी उलटी करून वाचा

इंग्लिश बुलडॉगचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला आणि नाक चपटं असतं. त्यामुळे तो दाणे दातांनी उचलत नाही, जिभेने ओढून घेतो आणि बरेचसे न चावताच गिळतो. दाण्यांबरोबर हवाही पोटात जाते, मग ढेकर आणि गॅस आलेच. त्वचेच्या घड्यांमध्ये ओल साचते, खाज लवकर सुटते. फिरणं कमी असल्यामुळे वजन झरझर वाढतं. त्यात काही बुलडॉगना लघवीत खडे होण्याचा आनुवंशिक धोका असतो. जेवण निवडायचं ते या चार गोष्टी लक्षात घेऊन. पिशवीच्या पुढच्या बाजूला हिरवं पान, गाजर आणि चकचकीत चिकन छापलेलं असतं, पण त्यावरून यातलं काहीच कळत नाही. कामाची सगळी माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते. दुकानात फोनच्या कॅमेऱ्याने ती मोठी करून वाचायला लाजू नका.

‘नॅचरल’चा अर्थ कितपत धरायचा

अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या व्याख्येनुसार नॅचरल म्हणजे वनस्पती, प्राणी किंवा खनिज यांपासून मिळालेला, रासायनिक प्रक्रियेने तयार न केलेला घटक. जीवनसत्त्वं आणि खनिजं मात्र कारखान्यात बनवलेली चालतात, फक्त पिशवीवर तसं लिहावं लागतं. त्यामुळे यादीच्या शेवटी झिंक सल्फेट, व्हिटॅमिन ई सप्लिमेंट अशी दहा-पंधरा नावं दिसली तर घाबरू नका. ती नसतील तरच काळजी करा, कारण नुसत्या चिकन आणि भातातून कुत्र्याला लागणारं जस्त, तांबं, आयोडीन पुरेसं मिळत नाही. ‘होलिस्टिक’, ‘सुपर प्रीमियम’ हे शब्द निव्वळ जाहिरातीचे आहेत, ते सोडून द्या.

खरा फरक पडतो तो चरबी खवट होऊ नये म्हणून काय वापरलंय त्याने. मिक्स्ड टोकोफेरॉल्स (म्हणजे व्हिटॅमिन ई) आणि रोझमेरीचा अर्क असेल तर ते नैसर्गिक. बीएचए, बीएचटी, इथॉक्सिक्विन ही नावं असतील तर तो माल नॅचरल म्हणून घेऊ नका. इथॉक्सिक्विनची परवानगी युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगित केली. एक खाच इथे आहे. फिश मील (सुकवलेल्या माशांची पूड) पुरवणाऱ्याने आधीच त्यात काही मिसळलेलं असेल, तर ते पिशवीवर येईलच असं नाही. फिश मील असलेलं फूड घेत असाल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर हा एकच प्रश्न विचारा. उत्तर देणारी कंपनी आणि टोलवाटोलवी करणारी कंपनी दोन मिनिटांत ओळखू येते.

नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्हची दुसरी बाजूही आहे: असा माल कमी टिकतो. म्हणून उत्पादनाची तारीख आणि पिशवीचा आकार या दोन्ही गोष्टींना इथे जास्त महत्त्व येतं. त्याबद्दल पुढे.

घटकांची यादी वाचताना होणारी फसगत

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं. यादीत ‘ताजं चिकन ३० टक्के’ पहिलं असेल, तर दाणा सुकल्यावर त्यातलं जेमतेम ९-१० टक्के उरतं आणि खरा पहिला घटक दुसऱ्या क्रमांकावरचा तांदूळ किंवा मका असतो. चिकन मील म्हणजे पाणी आणि बरीचशी चरबी काढून टाकलेली पूड, त्यामुळे ‘चिकन मील २५ टक्के’ हे ‘ताजं चिकन ३० टक्के’पेक्षा प्रोटीनच्या हिशोबात कितीतरी भारी पडतं. मील हा शब्द वाईट नाही. वाईट आहे ते प्राण्याचं नाव नसणं. ‘चिकन मील’, ‘लॅम्ब मील’ चालेल. ‘मीट अँड बोन मील’, ‘ॲनिमल फॅट’ असं मोघम लिहिलेलं असेल तर पिशवी परत ठेवा, कारण आज एक प्राणी, पुढच्या बॅचला दुसरा. ज्याला ॲलर्जी आहे त्या कुत्र्याच्या बाबतीत मग काही शोधताच येत नाही.

दुसरी युक्ती तुकडे करण्याची. मका, मक्याचं पीठ, कॉर्न ग्लुटेन असं तीन ठिकाणी लिहिलं की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि चिकन वर सरकतं. एकाच धान्याची किंवा कडधान्याची भावंडं मनातल्या मनात एकत्र करा आणि मग क्रम लावा.

नावाकडेही पाहा. आफ्कोच्या नियमांत ‘विथ चिकन’ म्हणायला चिकन ३ टक्के असलं तरी पुरतं, आणि ‘चिकन फ्लेवर’ म्हणायला नुसती चव जाणवली तरी चालते.

ग्रेन-फ्री हा शब्द ‘नॅचरल’च्या जोडीने हमखास येतो, आणि बुलडॉगवाले त्याला सगळ्यात आधी भुलतात. धान्य काढलं की दाणा घट्ट धरायला स्टार्च दुसरीकडून आणावा लागतो, आणि तो येतो वाटाणा, मसूर, चणा, बटाटा यांतून. वाटाणा आणि चणा बुलडॉगच्या आतड्यात काय करतात ते एकाच खोलीत झोपणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने ग्रेन-फ्री, कडधान्यं भरपूर असलेलं अन्न आणि डीसीएम हा हृदय मोठं आणि कमकुवत होण्याचा आजार यांचा काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. तसा संबंध अजून सिद्ध झालेला नाही, पण कुत्र्याला धान्याची ॲलर्जी आहे हे ठरलेलं नसताना हा धोका पत्करण्यात काहीच हशील नाही. तांदूळ आणि ओट्स असलेलं फूड बुलडॉगला सहसा चांगलं पचतं. पहिल्या पाच घटकांत दोन-तीन कडधान्यं किंवा सोया दिसलं तर टाळा. बीट पल्प मात्र उगाच बदनाम आहे. तो साखर काढून झाल्यावरचा बिटाचा चोथा असतो, आणि शी बांधून यायला त्याची मदतच होते.

घरात मांसाहारी पिशवीही नको असेल तर शाकाहारी ड्राय फूड मिळतं, आणि ते ‘संपूर्ण आहार’ म्हणून बनवलेलं असेल तर कुत्रा त्यावर जगू शकतो. पण त्यातलं प्रोटीन मुख्यतः सोया आणि मक्यातून येतं, म्हणजे बुलडॉगच्या पोटाला नेमकं नको तेच. अशा वेळी टॉरीन, एल-कार्निटीन आणि मिथिओनीन ही एरवी मांसातून मिळणारी पोषकद्रव्यं घातलीत का ते पाहा आणि व्हेटच्या देखरेखीखालीच द्या.

आकडे

‘ॲनालिसिस’च्या चौकटीत मोठ्या बुलडॉगसाठी साधारण हे दिसावं: प्रोटीन २२ ते २८ टक्के, फॅट १२ ते १५, फायबर ३ ते ५, ओलावा १० पर्यंत, आणि ॲश दिली असेल तर ८ च्या आत. ॲश म्हणजे राख. ती जास्त असेल तर मीलमध्ये मांसापेक्षा हाडांचा भरणा जास्त आहे असं समजा. आफ्कोची किमान मर्यादा कोरड्या वजनावर (म्हणजे ओलावा वगळून) प्रोटीन १८ आणि फॅट ५.५ टक्के इतकी खाली आहे, तेव्हा नुसतं ‘आफ्कोप्रमाणे’ लिहिलेलं असणं ही दर्जाची खूण नाही, तो फक्त पाया. पण पिशवीवर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आणि कोणत्या वयासाठी हे लिहिलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच पिशव्यांवर कॅलरी लिहिलेल्या नसतात, आणि वजनाच्या बाबतीत काठावर असलेल्या या जातीसाठी तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो घरी काढता येतो. १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि ॲश वजा करा (ॲश दिलेली नसेल तर ७ धरा), उरलं ते कार्बोहायड्रेट. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट यांना प्रत्येकी ३.५ ने आणि फॅटला ८.५ ने गुणा. समजा प्रोटीन २६, फॅट १४, फायबर ४, ओलावा १०, ॲश ७. कार्बोहायड्रेट आलं ३९. मग ९१ + ११९ + १३६.५, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे ३४७ किलोकॅलरी (बोलताना आपण नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो त्या याच).

किमतीची तुलनाही याच आकड्यावर करा. ४५० रुपये किलोच्या फूडमध्ये किलोला ३८०० कॅलरी आणि ३५० रुपयेवाल्यात ३००० असतील, तर १००० कॅलरींचा खर्च दोन्हीकडे ११७-११८ रुपयेच येतो. स्वस्तवालं जास्त घालावं लागतं आणि शीही जास्त उचलावी लागते.

पिल्लासाठी वेगळं फूड घ्यावंच लागतं, साधारण वर्षाचं होईपर्यंत. प्रोटीन २६ ते ३०, आणि कॅल्शियम कोरड्या वजनावर १.२ ते १.८ टक्के असलेलं बघा. बुलडॉगचे कंबरेचे सांधे बऱ्याचदा कच्चे असतात, म्हणून ‘हाडं मजबूत व्हावीत’ या कौतुकाने वरून कॅल्शियमचं सिरप दिलं जातं. पपी फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, आणि जास्तीचं बाहेर टाकणं पिल्लाच्या शरीराला नीट जमत नाही. वाढ वेडीवाकडी होते ती त्यामुळे. सिरप बंद.

जास्त प्रोटीन म्हणजे चांगलंच, असं बुलडॉगच्या बाबतीत नाही

डाल्मेशियनप्रमाणेच काही बुलडॉगमध्येही एसएलसी२ए९ या जीनमध्ये दोष असतो. त्यांच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त उतरतं आणि युरेटचे खडे होतात. अशा कुत्र्याला लिव्हर, किडनी, सार्डीन, यीस्ट असे प्युरीनने (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड बनतं त्याने) भरलेले घटक नको असतात, आणि महागड्या ‘नॅचरल, हाय-मीट’ फूडची यादी नेमकी याच घटकांनी सजलेली असते. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून हा दोष तपासता येतो. पिल्लू घेताना आई-वडिलांची ही तपासणी झालीय का ते विचारा. कुत्रा थेंब-थेंब लघवी करत असेल, जोर लावत असेल, लघवी लाल दिसत असेल तर फूड बदलून पाहत बसू नका. नर कुत्र्याची लघवी अडली तर तो जिवाशी खेळ आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकदा खडे झाल्यावर लागतं ते व्हेटने लिहून दिलेलं खास फूड. तिथे नॅचरलचा हट्ट सोडायचा.

खाज आणि कान

पंजे चाटणं, कान सतत लाल, पोटावर पुरळ दिसलं की पहिला संशय चिकनवर घेतला जातो. प्रत्यक्षात खाजेचं कारण अन्नापेक्षा पिसवा आणि वातावरणातली ॲलर्जी हेच जास्त वेळा निघतं. पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात कमी होणारी खाज अन्नाची सहसा नसते, कारण जेवण तर बाराही महिने तेच असतं. अन्नाची ॲलर्जी असलीच तर बीफ, दूध आणि दुधाचे पदार्थ, चिकन, गहू हे नेहमीचे आरोपी. रक्त किंवा केस तपासून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्या भरवशाच्या नाहीत.

खरी पद्धत एकच. कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रोटीन असलेलं किंवा हायड्रोलाइज्ड (प्रोटीनचे बारीक तुकडे केलेलं) फूड किमान ८ आठवडे, आणि त्याशिवाय तोंडात दुसरं काहीही नाही. फसतं ते इथेच. आजी पोळीचा तुकडा देते, दह्याचा चमचा चाटवला जातो, जंताची गोळी चिकनच्या चवीची निघते, आणि सहाव्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ असा निकाल लागतो. ८ आठवड्यांनी खाज कमी झाली तर जुनं फूड पुन्हा सुरू करून खाज परत येते का ते पाहायचं. परत आली तरच ॲलर्जी पक्की. या प्रयोगासाठी ‘लॅम्ब’ लिहिलेली पिशवी घेताना मागे चिकन फॅट किंवा चिकन मील नाही ना ते बघा, कारण बहुतेक वेळा असतंच.

त्वचेसाठी ओमेगा-३ हवं तर यादीत फिश ऑइल किंवा सॅमन ऑइल शोधा. जवसातल्या ओमेगा-३चं कुत्र्याच्या शरीरात कामाच्या रूपात फारच थोडं रूपांतर होतं.

दाणा, भांडं, मात्रा

फार बारीक आणि गोल दाणा बुलडॉग तसाच गिळतो. मध्यम आकाराचा, थोडा चपटा किंवा वळलेला दाणा त्याच्या जिभेला उचलायला सोपा जातो आणि तो थोडं तरी चावतो. पिशवीवर बुलडॉगचं चित्र असायलाच हवं असं नाही. लहान पॅक घेऊन त्याला खाताना बघा. दाणे भांड्याबाहेर उडत असतील किंवा तो मध्येच ठसकत असेल तर आकार चुकला. भांडं उथळ, रुंद आणि न सरकणारं. खोल खाचांचं स्लो फीडर (सावकाश खायला लावणारं भांडं) चपट्या नाकाला जमत नाही, बुटक्या उंचवट्यांचं घ्या. कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून दिलं तर गिळणं सोपं होतं. दमट हवेत भिजलेलं अन्न लवकर आंबतं, म्हणून २०-३० मिनिटांत उरलेलं उचलून टाका. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि रात्री गारव्याला असं दोनदा जेवण, आणि नंतर तासभर पळापळ नाही.

मात्रा पिशवीवरच्या तक्त्यातून घेऊ नका. तो तक्ता सर्वसाधारण कुत्र्यासाठी असतो, बुलडॉगसाठी हात सैल सोडलेला. वजन किलोत घ्या, ३० ने गुणा, ७० मिळवा. २३ किलोच्या कुत्र्याच्या आल्या ७६० किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या, आरामात राहणाऱ्या बुलडॉगसाठी याला १.३ ने गुणलं की दिवसाला सुमारे ९९० किलोकॅलरी. वरच्या उदाहरणातल्या ३४७ कॅलरींच्या फूडचे हे २८५ ग्रॅम होतात, दोन वेळांत वाटून. मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. वाटीने मोजलं की प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. वर भात, बिस्कीट, पनीर जे काही जातं ते एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांत, म्हणजे इथे ९९ च्या आत बसवा आणि दाणे तेवढे कमी करा. कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका अजिबात नाही; प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकाही नाही.

तीन महिन्यांच्या ८ किलोच्या पिल्लाचा हिशोब ऐकून दचकायला होतं: वरच्याच सूत्राने आलेल्या ३१० ला अडीच ते तीनने गुणायचं, म्हणजे ८०० ते ९०० कॅलरी, जवळजवळ मोठ्या कुत्र्याइतक्याच. ते तीन-चार वेळांत विभागून द्या. चार महिन्यांनंतर गुणक दोनवर आणा.

दर दोन आठवड्यांनी वजन करा. बुलडॉग मुळात रुंद असतो, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हात फिरवा. किंचित दाबल्यावर बरगड्या बोटाला लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर मात्रा १० टक्क्यांनी कमी करा. या जातीत प्रत्येक जादा किलोची किंमत श्वासाला मोजावी लागते.

नवं फूड सुरू करताना

पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं, मग दोन-तीन दिवस अर्धं-अर्धं, मग पाऊण-पाव, आणि आठव्या ते दहाव्या दिवशी पूर्ण नवं. शी पातळ झाली तर आधीच्या टप्प्यावर परत या आणि तिथे दोन दिवस थांबा. या काळात नवा खाऊ, नवं औषध, नवा शाम्पू काही नको, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. जमलेलं फूड शीवरून ओळखा: बांधलेली, उचलताना आकार टिकणारी आणि जमिनीवर फारसा डाग न सोडणारी. शीचं प्रमाण आधीपेक्षा बरंच वाढलं असेल तर फूड नीट पचत नाहीये. गॅसचा निकाल महिनाभराने लावा, पहिल्या आठवड्यात तो वाढतोच.

दोन गोष्टी फूड बदलून बऱ्या होत नाहीत. खाल्ल्या-खाल्ल्या, पोट न आवळता अख्खे दाणे बाहेर येत असतील तर ती उलटी नाही. अन्न पोटात पोचायच्या आधीच परत येतंय, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांत अन्ननलिकेचा आणि श्वासाचा त्रास अनेकदा बरोबरीने असतो. दुसरी, तरुण फ्रेंच बुलडॉगच्या शीत वारंवार रक्त आणि शेंबूड दिसणं. त्यामागे आतड्याच्या भिंतीत शिरलेले जिवाणू असू शकतात, आणि त्याला नेमकं अँटिबायोटिक लागतं. दोन्हीसाठी व्हेट.

पिशवी केवढी आणि ठेवायची कुठे

उघडलेली पिशवी ४ ते ६ आठवड्यांत संपली पाहिजे, पावसाळ्यात ४ च धरा. दिवसाला २८५ ग्रॅम म्हटलं तर ३ किलोची दहा-अकरा दिवस जाते, १० किलोची ३५ दिवस, आणि २० किलोची ७० दिवस. तेव्हा एका बुलडॉगसाठी २० किलोची सवलत फायद्याची नाही, शेवटचे दहा किलो तो खवट चरबी खाणार. पारदर्शक पिशवीत सुटं करून विकलेलं फूड कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका: तारीख नाही, बॅच नाही, आणि उजेड-हवा लागून गेलेली.

घरी आणल्यावर दाणे डब्यात ओतू नका. मूळ पिशवीच वरून हवा काढून, घडी घालून, चिमटा लावून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. पिशवीच्या आतला थर चरबीला हवेपासून जपतो, आणि प्लॅस्टिकच्या डब्याच्या भिंतीला चिकटलेलं जुनं तेल नव्या मालाला खवट करतं. डबा गॅसजवळ किंवा गच्चीच्या खोलीत नको. तापमान २७ अंशांच्या आत राहील अशी घरातली सगळ्यात गार, कोरडी जागा शोधा. फ्रिजमध्ये आत-बाहेर केल्याने दाण्यांवर ओल धरते, आणि ओल आली की बुरशी. मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर जातं. जुन्या तेलासारखा वास, चिकट स्पर्श किंवा पांढुरकी पूड यांपैकी काहीही दिसलं तर उरलेली पिशवी टाकून द्या. रोज आवडीने खाणारा कुत्रा अचानक भांड्यापासून तोंड फिरवतो तेव्हाही आधी पिशवीचा वास घ्या. आणि पिशवी उघडताना बॅच नंबर व तारखेचा फोटो काढून ठेवा. काही बिनसलं तर व्हेट आणि कंपनी दोघंही पहिल्यांदा तेच मागतात.